८९१ सिंह आणि त्यांचे शेजारी

गिरनारला दत्तपादुकांच्या दर्शनाला निघालेली मराठी मंडळी मध्यरात्रीनंतरच पायऱ्या चढायला लागतात. ऊन तापायच्या आत वर पोचायचं असतं आणि पायऱ्या दहा हजारांच्या घरात. आम्ही गेलो तेव्हा खाली भवनाथला चहाच्या टपरीवर माझ्या आत्याने विचारलं, "भाई, इथे खरंच सिंह आहेत का हो?" टपरीवाल्याने हातातली गाळणी तशीच धरून डाव्या अंगाच्या काळ्या झाडीकडे मान वळवली. "काल रात्री इथूनच गेला," म्हणाला आणि चहा ओतायला लागला. आवाजात ना भीती, ना फुशारकी. शेजारचे कुणी दुकानावरून गेले हे सांगावं, तितक्या सहज.

आत्या वर पोचेपर्यंत "दिगंबरा दिगंबरा" म्हणत होती. मी मात्र त्या सहज आवाजाचाच विचार करत चढत होते.

मे २०२५ मध्ये गुजरात सरकारने सिंहगणनेचा आकडा जाहीर केला, ८९१. त्या दिवशी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रतिक्रिया लागोपाठ आल्या. एक, "वाढले की! आता कसली काळजी?" दुसरी, "एवढे सिंह माणसांत मोकळे सोडलेत कशाला?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकलेलं आहे. म्हणून जरा मुळापासून बघू.

८९१ आहेत, पण कुठे?

आशियाई सिंह आज साऱ्या जगात रानात फक्त एकाच ठिकाणी उरला आहे, गुजरातच्या सौराष्ट्रात. दर पाच वर्षांनी, साधारण पौर्णिमेच्या सुमाराला, वनखातं सगळा मुलूख छोट्या भागांत वाटून घेतं. दिसलेल्या प्रत्येक सिंहाची वेळ, दिशा, नर की मादी, वय, अंगावरच्या खुणा टिपल्या जातात, म्हणजे एकच सिंह दोनदा मोजला जात नाही. २०१० मध्ये ४११, २०१५ मध्ये ५२३, २०२० मध्ये ६७४ आणि आता ८९१, अशी ही चढण आहे.

बातमीच्या मथळ्यात न मावणारी गोष्ट पुढे आहे. या ८९१ पैकी गीरच्या राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात ३८४ आहेत. बाकीचे ५०७ त्याच्या बाहेर.

इथे दोन शब्द एकदाच समजून घेऊ. राष्ट्रीय उद्यान म्हणजे जिथे माणसाला राहायला आणि गुरं चारायला बंदी. अभयारण्य म्हणजे जिथे प्राण्यांना संरक्षण आहे, पण परवानगीने माणसं राहू शकतात, गुरं चारू शकतात. गीरमध्ये दोन्ही मिळून साधारण १,४१२ चौरस किलोमीटर होतात. सिंह फिरतात तो मुलूख मात्र अकरा जिल्ह्यांत पसरलेला, सुमारे ३५,००० चौरस किलोमीटर. आपल्या अख्ख्या पुणे जिल्ह्याच्या दुपटीहून मोठा प्रदेश, आणि त्यातलं गीरचं जंगल पुणे जिल्ह्याच्या दहाव्या हिश्शाएवढंही नाही.

बाहेरच्या ५०७ पैकी काही गिरनार, मितियाळा, पाणिया अशा छोट्या अभयारण्यांत आहेत. उरलेले शेतांत, आमराईत, नदीकाठच्या वेड्या बाभळीत, गावच्या गायरानावर, थेट समुद्रकिनाऱ्यालगत. फेब्रुवारी २०२१ मध्ये जुनागढ शहरात रेल्वे स्टेशनजवळच्या एका हॉटेलच्या आवारात पहाटे सिंह शिरला आणि फेरफटका मारून निघून गेला, ते सीसीटीव्हीचं चित्रण आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल.

मुळात इतके कमी का झाले होते?

एके काळी हा सिंह पश्चिम आशियापासून आपल्याकडे बिहारपर्यंत होता. बंदुका आल्या, शिकारीची हौस वाढली, माळरानं नांगराखाली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो जुनागढ संस्थानाच्या आसपास तेवढा राहिला. तेव्हा डझनभरच उरले होते असं सांगतात. बाहेरच्या शिकाऱ्यांना परतवण्यासाठी दरबाराने आकडा मुद्दाम कमी सांगितला असावा, असं मानणारेही अभ्यासक आहेत. आकडा काहीही असो, जुनागढच्या नवाबांनी शिकारीवर बंधनं घातली म्हणून सिंह वाचला, एवढं नक्की. गीरच्या पूर्वेकडचे आणि दक्षिणेकडचे अमरेली, धारी, कोडिनार हे भाग तेव्हा बडोद्याच्या गायकवाडांकडे होते. म्हणजे सिंहांच्या वेशीवर मराठी कारभार पोचलेला होता, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं.

१९६५ मध्ये गीर अभयारण्य झालं. १९६८ च्या मोजणीत सिंह भरले १७७. जंगलाची तेव्हाची अवस्था वाईट होती. गुरांनी गवत संपवलेलं, हरणं कमी, आणि सिंहाच्या पोटात जाणाऱ्या मासापैकी सुमारे तीन चतुर्थांश पाळीव जनावरांचं. १९७२ पासून जंगलातली कित्येक पशुपालक कुटुंबं बाहेर वसवली, गावची गुरं आत शिरू नयेत म्हणून गडगे रचले. गवत परतलं, त्यामागून चितळ वाढलं, चितळामागून सिंह.

हे लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही. ज्यांना बाहेर काढलं त्या कुटुंबांना जमिनी मिळाल्या, पण पिढ्यान्‌पिढ्या म्हशी राखणाऱ्या माणसाला नांगर दिला म्हणून तो शेतकरी होत नाही. अनेकांचं बस्तान नीट बसलंच नाही. सिंह वाढले त्या यशाची किंमत आधी त्यांनी मोजली आहे.

सिंह जंगल सोडून बाहेर का येतो?

जुन्या वाड्यात चार भाऊ नांदतात तोवर ठीक. त्यांची मुलं मोठी झाली की खोल्या पुरत नाहीत, मग धाकटा गावाबाहेर प्लॉट बघतो. सिंहाचं तसंच आहे. नर छावा तीनेक वर्षांचा झाला की त्याला आईच्या मुलखातून निघावं लागतं. थांबला तर तिथले मोठे नर त्याला टिकू देत नाहीत. मग एखाद्या भावाला बरोबर घेऊन तो निघतो आणि ओढ्या-नद्यांच्या काठाने चालत राहतो, कारण काठाला झाडी असते आणि झाडीत दिवस काढता येतो. शेत्रुंजी नदीच्या काठाने सिंह भावनगरपर्यंत पोचले ते असेच.

सिंहाच्या गरजा तरी किती? दिवसा सावली आणि शांतता, जवळपास पाणी, दोन-चार दिवसांनी पोटभर खाणं. नकाशावर त्या जागेला जंगल म्हटलंय की शेत, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तालाळ्याच्या केसर आंब्याच्या बागेत सावली आहे, ठिबकचं पाणी आहे, उन्हाळा संपला की फारसं कुणी फिरकत नाही, आणि रात्री पिकावर येणारी रानडुकरं आणि नीलगायी आहेत. शिवाय गावाबाहेर टाकलेली मेलेली गुरं, सोडून दिलेली भाकड जनावरं. मी सिंह असते तर मीही तिथेच राहिले असते.

शेतकरी त्याला राहू कसं देतो?

गिरनारहून उतरल्यावर आम्ही तालाळ्याजवळ एका बागाईतदार काकांकडे दोन दिवस होतो. सकाळी त्यांनी हाक मारली, "बेन, चला, दाखवतो." ठिबकच्या नळीशेजारी ओल्या मातीत पाऊल उमटलेलं होतं. मी तळहात त्यावर धरला, तर बोटांची टोकं तेवढी बाहेर राहिली. नखांची खूण नव्हती. मांजराच्या कुळातले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात, कुत्र्याची मात्र मातीत उमटतात, म्हणून पाऊल कुणाचं हे तिथली शाळकरी पोरंसुद्धा सांगतात. काका पावलांच्या मागोमाग दहा-बारा झाडं चालत गेले, कुंपणाजवळ थांबले आणि म्हणाले, "सावज इथून पलीकडे गेला. आता दोन दिवस डुकरं येणार नाहीत." सावज हा तिकडचा सिंहासाठीचा शब्द. त्यात आदर आहे आणि आपलेपणाही.

काकांचा हिशोब सरळ होता. रानडुक्कर एका रात्रीत भुईमुगाचं वावर उकरून टाकतं, नीलगाय उभं पीक तुडवते. सिंह पीक खात नाही, पीक खाणाऱ्यांना खातो. फुकटचा राखणदार. याच माणसाने मागच्या पावसाळ्यात एक गाय गमावली होती, तेही त्यांनी त्याच दमात सांगितलं.

जंगलाच्या आत राहणाऱ्या मालधाऱ्यांचा हिशोब थोडा वेगळा. माल म्हणजे जनावरं, ती बाळगतो तो मालधारी. यात चारण, रबारी, भरवाड असे वेगवेगळे समाज येतात. त्यांच्या वस्तीला नेस म्हणतात. पाच-दहा घरं, भोवती काटेरी फांद्यांचं छातीएवढं जाड कुंपण, रात्री सगळ्या म्हशी त्याच्या आत. दिवसा चरायला जाताना जाफराबादी म्हशी पुढे. सिंहाचा वास आला की या म्हशी पळत नाहीत, वासरांना मागे घालून शिंगं पुढे करून उभ्या राहतात. पळणाऱ्या जनावराच्या मागे लागणं सिंहाच्या रक्तातच आहे. उभ्या राहिलेल्या म्हशींच्या भिंतीपुढे तो बहुधा विचार बदलतो. मालधारी हाती फक्त काठी आणि कुऱ्हाड घेऊन मधे चालत असतो आणि सतत काही ना काही ओरडत असतो, कारण सिंहाला अचानक गाठणं हीच सगळ्यात मोठी चूक, हे त्याला लहानपणी शिकवलेलं असतं.

वर्षाकाठी त्याची एक-दोन जनावरं जातात. पण चारा रानातला, फुकट. गीरमध्ये झालेल्या एका अभ्यासात, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, हे हिशोब मांडून पाहिले गेले. सिंहाने केलेल्या नुकसानापेक्षा रानातल्या चाऱ्यातून होणारी बचत मालधाऱ्याला जास्त पडते. म्हणजे सिंह नेतो ते जनावर हे जणू रानात राहण्याचं घरभाडं. भाडं परवडतं तोवर भाडेकरू तक्रार करत नाही.

मात्र जंगलाबाहेरच्या गोपालकाला तो चारा नाही. तो पेंड विकत घेतो, कडबा विकत घेतो, कर्ज काढून म्हैस आणतो. त्याची म्हैस गेली तर भाडं नाही जात, घरच जातं. सिंहांचा मोठा हिस्सा आता याच माणसाच्या दारात आहे. मला वाटतं, ८९१ च्या आकड्यातली खरी बातमी ही आहे.

सरकार भरपाई देतं ना?

देतं. जनावर मारलं गेलं की वनखात्याला कळवायचं, वनरक्षक येऊन पंचनामा करतो, दातांच्या आणि नखांच्या खुणा बघतो, फोटो काढतो, आणि जनावराच्या प्रकाराप्रमाणे ठरलेली रक्कम खात्यात जमा होते. कागदावर चोख आहे.

अडचण दोन ठिकाणी येते. दुभत्या जातिवंत म्हशीचा बाजारभाव आणि सरकारी दर यांच्यात मोठं अंतर राहतं, आणि म्हैस गेली की त्या दिवसापासून दूध बंद होतं, ते कुठेच धरलं जात नाही. दुसरी अडचण वेळेची. ज्याचं घर दुधावर चालतं त्याला चार महिन्यांनी मिळालेले पैसे आणि चार दिवसांत मिळालेले पैसे सारखे नाहीत. भरपाई हा उपकार समजला की दिरंगाई चालते. ती सिंह सांभाळल्याची मजुरी समजली, तर दिरंगाई चालणार नाही. माझा कौल मजुरीला आहे. वाघ, सिंह, बिबट्या ही साऱ्या देशाची ठेव आहे म्हणायचं आणि सांभाळण्याचा खर्च एका गवळ्याच्या गोठ्यातून वसूल करायचा, हे बरोबर नाही.

आणि माणसावर हल्ला झाला तर?

हा प्रश्न बाजूला सारून सिंहाचं कौतुक करणं मला पटत नाही. गीर परिसरात १९७८ ते १९९१ या काळात सिंहांनी माणसांवर केलेल्या १९३ हल्ल्यांची नोंद एका अभ्यासात आहे. वर्षाला सरासरी दोन जणांचा जीव गेला. त्यातही हल्ले सारखे वाटलेले नव्हते. १९८७-८८ च्या भीषण दुष्काळानंतर ते एकदम वाढले. गुरं मेली, सिंह अन्नासाठी गावांकडे सरकले. शिवाय त्याआधी वर्षानुवर्षं पर्यटकांना सिंह दाखवण्यासाठी बांधलेलं जनावर आमिष म्हणून दिलं जाई. त्यामुळे काही सिंहांची माणसाबद्दलची भीड चेपली होती. तो प्रकार बंद झाला आणि ते सिंह माणसाजवळ अन्न शोधत राहिले. आजही चोरून कोंबडी नाहीतर बकरं दाखवून सिंह बोलावणारे आहेत. हा गुन्हा आहे, आणि त्याची शिक्षा भलत्याच कुणाच्या तरी पोराला भोगावी लागू शकते.

सहसा सिंह माणसाला टाळतो. धोका असतो तो अंधारात, उंच पिकात, आणि पिल्लं असलेल्या किंवा जोडीने असलेल्या सिंहांच्या जवळ नकळत गेल्यावर. आता असं बघा, की रात्री अंधारात, उंच पिकात कोण असतं? पाणी द्यायला गेलेला शेतकरी, कारण जिथे दिवसा वीज पोचलेली नाही तिथे ती रात्री येते. आणि शेतातच ताडपत्रीच्या झोपडीत, जमिनीवर झोपणारी मजुरांची कुटुंबं. ही माणसं बहुतेक दुसऱ्या जिल्ह्यांतून किंवा मध्य प्रदेशातून आलेली असतात. त्यांना सावज हा शब्दही नवा असतो. मालधाऱ्याच्या नेसाला जाड कुंपण असतं, या झोपडीला दारसुद्धा नसतं.

जुन्नर-आंबेगावकडच्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. तिकडे उसात बिबट्या आहे आणि शेतकऱ्यांची वर्षानुवर्षांची मागणी एकच, थ्री-फेज वीज दिवसा द्या. गुजरातने २०२० पासून दिवसा वीज देण्याची योजना आणली आहे. वन्यजीव संरक्षणाच्या यादीत तिचं नाव कुणी घेत नाही. माझ्या मते ते पहिल्या पाचांत असायला हवं. दिवसा वीज, मजुरांना चार भिंतींची बंद खोली आणि घराला लागून संडास, एवढ्याने रात्रीच्या भेटी कितीतरी कमी होतील.

सिंहाला माणसापासून काय धोका?

गुजरात विधानसभेत सरकारने दिलेल्या माहितीनुसार २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत मिळून २८६ सिंह मेले. निम्म्याच्या आसपास छावे होते. छावे तसेही मोठ्या संख्येने मरतात, नवा नर मुलखात आला की आधीच्याची पिल्लं मारतो. पण २८६ पैकी ५८ मृत्यूंची कारणं अनैसर्गिक होती. म्हणजे विहीर, गाडी आणि अशाच गोष्टी.

विहिरीचं सांगते. सौराष्ट्रात शेतातल्या कित्येक जुन्या विहिरी जमिनीच्या पातळीवर उघड्या असत, काठ नाही, कठडा नाही. रात्री नीलगायीमागे धावणाऱ्या सिंहाला ती दिसत नाही, नीलगायीलाही दिसत नाही. काकांच्या शेतातल्या विहिरीला आता कंबरेएवढा कठडा होता, त्यावर त्यांची नात धुतलेली ओढणी वाळत घालत होती. वनखात्याने आणि संस्थांनी मिळून असे हजारो कठडे बांधले. सिंह वाचवण्यासाठी जगात जे काही केलं जातं त्यात याहून स्वस्त आणि पक्कं काम मला माहीत नाही. त्याने शेतकऱ्याची गाय वाचते आणि पोरंही.

रूळ अवघड आहेत. पिपावाव बंदराकडे जाणारी मालगाड्यांची लाइन सिंहांच्या मुलखातून जाते आणि तिथे गाडीखाली सिंह गेले आहेत. गाड्यांचा वेग कमी करणं, रुळांवर पहारा ठेवणं, रुळांलगतची झुडपं तोडणं हे उपाय चालू आहेत. आणि पिकाभोवतीची विजेची तार. ती डुकरासाठी लावलेली असते, मरतो कुणीही.

मग बाहेरचे सगळे पकडून जंगलात का नेऊन सोडत नाहीत?

पहिलं कारण उघड आहे, वाडा भरलेला आहे. आत नेऊन सोडलेला तरुण नर आतल्या नरांकडून मार खाईल आणि पुन्हा बाहेर येईल. त्याने सोडलेली बाहेरची जागाही मोकळी राहत नाही, दुसरा अनोळखी येऊन बसतो.

दुसरं कारण आपल्या घरचंच आहे. २००१ नंतरच्या काही वर्षांत जुन्नर भागात बिबटे पकडून दूर सोडायचा सपाटा लागला होता. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा मागोवा घेतला तेव्हा दिसलं, की हल्ले थांबण्याऐवजी वाढले. ओळखीच्या रानात कुठल्या वाटेने, किती वाजता, कुणाला टाळून जायचं हे प्राण्याला पाठ असतं. उचलून परक्या ठिकाणी टाकला की तो भेदरतो, आणि भेदरलेला बिबट्या धोकादायक. ज्या सिंहाने खरोखर माणूस मारला त्याला पकडून कायमचं बंदिस्त ठेवतात, ते योग्यच आहे. सरसकट उचलाउचल मात्र आजारावर आजार वाढवते.

वाढतायत ना, मग आणखी काय हवं?

आपल्याकडे जुने शेतकरी पुढच्या वर्षाचं सगळं बियाणं एका कणगीत ठेवत नसत. एका कणगीला कीड लागली तर दुसरीतलं पेरायला राहतं. आशियाई सिंहाचं सगळं बियाणं सौराष्ट्राच्या एकाच कणगीत आहे. शिवाय हे सगळे मूठभर पूर्वजांचे वंशज, त्यामुळे एकमेकांचे जवळचे नातलग. एखादा रोग एकाला झेपला नाही तर तो बहुतेकांना झेपणार नाही, अशी भीती असते.

ही कल्पनेतली भीती नाही. १९९४ मध्ये टांझानियाच्या सेरेंगेटीत कुत्र्यांमधून पसरणाऱ्या डिस्टेंपर या विषाणूने सुमारे एक तृतीयांश सिंह मारले. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये गीरच्या पूर्वेकडच्या दलखाणिया भागात काही आठवड्यांत २३ सिंह मेले आणि त्यातल्या काहींत हाच विषाणू सापडला. बाकीच्यांना घाईने अमेरिकेतून लस मागवून टोचावी लागली. तेवढ्यावर निभावलं.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१३ रोजी सांगितलं होतं, की सहा महिन्यांत काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवा. कुनोतून त्यासाठी आधीच चोवीस गावं उठवली होती. आजतागायत एकही सिंह तिथे गेला नाही. सिंह ही गुजरातची अस्मिता, हा भाग त्यात होता. सप्टेंबर २०२२ मध्ये कुनोला नामिबियाहून चित्ते आले आणि सिंहांचा विषय आणखी मागे पडला. मला गुजरातच्या लोकांचा अभिमान समजतो, तो त्यांनी कमावलेला आहे. तरीही दुसरी कणगी सौराष्ट्राबाहेरच हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

गुजरातने स्वतःचं उत्तर शोधलं आहे ते पोरबंदरजवळच्या बरडा अभयारण्यात. जागा छोटी, १९२ चौरस किलोमीटर, आणि गीरपासून जेमतेम शंभर किलोमीटरवर. इतक्या जवळ कीड पोचणार नाही याची खात्री कोण देणार? पण बरड्याची गोष्ट सुंदर आहे खरी. तिथे १८७९ नंतर सिंह नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये एक तरुण नर किनाऱ्याकडून आपला आपण चालत तिथे पोचला. मग वनखात्याने माद्या सोडल्या. २०२५ च्या मोजणीत बरड्यात १७ सिंह भरले, त्यातले बरेचसे छावे.

शेजारधर्म शिकवता येतो का?

बोत्स्वानामध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गायींच्या पुठ्ठ्यांवर मोठे डोळे रंगवले. सिंह दबा धरून मागून येतो, आपल्याला पाहिलं गेलंय असं वाटलं की बेत सोडतो. चार वर्षांत डोळे रंगवलेल्या ६८३ जनावरांपैकी एकही दबा धरणाऱ्या शिकाऱ्याच्या तोंडी गेलं नाही. न रंगवलेल्या ८३५ पैकी १५ गेली. केनियात अंबोसेलीजवळ, पूर्वी मर्दुमकी म्हणून सिंह मारणाऱ्या मासाई तरुणांनाच सिंहांचा माग ठेवायला पगारी नेमलं आहे. ते सिंहांना नावं देतात आणि आज अमुक ओढ्याकडे गुरं नेऊ नका असं गुराख्यांना सांगतात. गीरमध्येही गावोगावचे वन्यप्राणी मित्र आणि सिंहाच्या मागावर असणारे ट्रॅकर हेच काम करतात.

बरड्याच्या डोंगरातही मालधाऱ्यांचे नेस आहेत. मात्र त्यांच्या चार-पाच पिढ्यांनी सिंह पाहिलेला नव्हता, त्यामुळे तिथे आता उलट्या बाजूने सुरुवात करावी लागणार. पुन्हा जाड कुंपण, रात्री वासरं आत, चरायला जाताना मोठ्याने बोलणं. तालाळ्याच्या काकांना मी विचारलं होतं, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं? त्यांना प्रश्नच कळला नाही. जरा वेळाने म्हणाले, "बा, म्हणजे आमची आई, रात्री बाहेर जाताना खाकरायची. मग आम्हीही खाकरायला लागलो."